फ्लॉवर म्हणजे नदी: क्रिप्टिक शब्दकोडे सोडवायचे आणि उकलून सांगायचे कसे

मराठी दैनिकातले शब्दकोडे चहा संपायच्या आत भरणारा माणूस ‘द हिंदू’तले किंवा ‘गार्डियन’चे क्रिप्टिक कोडे पहिल्यांदा हातात घेतो आणि अडकतो. शब्द सगळे ओळखीचे, वाक्य साधे, उत्तराचा मात्र पत्ता नाही. मग वाटते, आपले इंग्रजी कच्चे आहे. बहुतेक वेळा तसे नसते. क्लू दिसतो वाक्यासारखा, आणि तो वाक्य म्हणून वाचला की रचणाऱ्याचा डाव साधला.

इथली तंत्रे आधी मराठी क्लूंवर दाखवली आहेत. हे क्लू या लेखासाठीच रचले आहेत. युक्ती आपल्या भाषेत एकदा कळली की इंग्रजीत फक्त सामान बदलते. नमुन्यांसाठी नियम एवढाच: एका घरात एक अक्षर. काना-मात्रा अक्षराला चिकटून राहते, जोडाक्षर एकच घर घेते. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची घरे.

जवळ काय हवे

- शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेनाने भरलेले चुकीचे उत्तर चार आडव्या-उभ्या शब्दांना घेऊन बुडते.
- कोरा कागद, अक्षरे विस्कटून मांडायला.
- समानार्थी शब्दांचा कोश आणि एक जाड शब्दकोश. ब्रिटिश कोड्यांसाठी ‘चेंबर्स’ हा जुना जाणता कोश. मोबाइलवरचा कोशही चालतो.
- सोपे कोडे. ‘गार्डियन’च्या संकेतस्थळावर ‘क्विप्टिक’ नावाचे नवख्यांसाठीचे कोडे फुकट मिळते, आणि तिथले रोजचे कोडेही सोमवारी सहसा सर्वांत हलके असते. लंडनच्या ‘टाइम्स’चे ‘क्विक क्रिप्टिक’ २०१४ पासून येते. त्याची जाळी नेहमीच्या १५ बाय १५ ऐवजी १३ बाय १३ घरांची असते, पण त्याला वर्गणी लागते.

१. आधी क्लू दोन जागी तोडा

क्रिप्टिक क्लूत एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात. एक व्याख्या, म्हणजे साध्या कोड्यात असतो तसा समानार्थी शब्द. दुसरी शब्दखेळ, म्हणजे उत्तराची अक्षरे जुळवायची कृती. व्याख्या जवळजवळ नेहमी क्लूच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी असते, मधोमध कधीच नाही. म्हणून पहिले काम ठरलेले: पहिले एकदोन शब्द झाकून बघा, मग शेवटचे एकदोन झाकून बघा.

> कलम मोडले तरी फूल (३)

वाचताना डोळ्यांपुढे बाग येते. ती पुसून टाका. शेवटचा शब्द ‘फूल’ ही व्याख्या. ‘कलम मोडले’ हा शब्दखेळ: क, ल, म ही अक्षरे मोडून पुन्हा लावा. ‘तरी’ नुसता सांधा. उत्तर: कमल.

‘गुलाब’ही तीन घरांचे फूल आहे, पण त्यात ‘कलम मोडले’ला काही काम उरत नाही. इथेच या कोड्याचा मोठेपणा आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे उद्याच्या अंकाची वाट न बघता आजच कळते.

‘अफ्रीट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये याचा कायदा सांगून ठेवला. त्याचा आशय असा: मी म्हणतो तेच मला म्हणायचे असेल असे नाही, पण मला जे म्हणायचे आहे ते मी म्हटलेच पाहिजे. वाक्य फसवेल, शब्द फसवणार नाहीत.

२. खूण ओळखा: कोणती कृती करायची ते सांगणारा शब्द

शब्दखेळात दोन गोष्टी असतात: कच्चा माल आणि त्याचे काय करायचे ते सांगणारा शब्द. त्याला आपण खूण म्हणू. प्रकार मोजकेच आहेत.

*विस्कटणे, म्हणजे अॅनाग्राम.* वर ‘मोडले’ ही खूण होती. इंग्रजीत मोडतोड, गोंधळ, नशा, वेड, दुरुस्ती, स्वयंपाक, हालचाल सुचवणारा कोणताही शब्द चालतो: ब्रोकन, ड्रंक, क्रेझी, रिपेअर्ड, कुक्ड, वाइल्ड. उदाहरण: ‘लिसन बॅडली, सेइंग नथिंग (६)’. ‘बॅडली’ ही खूण, ‘सेइंग नथिंग’ ही व्याख्या. ‘लिसन’ची सहा अक्षरे, म्हणजे एल, आय, एस, टी, ई, एन, वेगळी लावली की ‘सायलेंट’. नवख्याने सुरुवात याच प्रकारापासून करावी, कारण इथे मोजणी मदतीला येते. खुणेशेजारच्या शब्दांची अक्षरे मोजा. ती कंसातल्या आकड्याएवढी भरली तर तुम्ही बहुधा बरोबर जागी आहात.

अक्षरे ओळीत लिहू नका, डोळा मूळ शब्दच पुन्हा वाचतो. गोलात लिहा. जाळीतून आधीच मिळालेली अक्षरे खोडा आणि शेवट चाचपून बघा: आय-एन-जी, ई-डी, टी-आय-ओ-एन.

*उलटणे.* रवा उलटला तो दिवस (२). र, वा उलटे केले की वा, र: वार. इंग्रजीत आडव्या शब्दाला ‘बॅक’, ‘रिटर्निंग’ अशा खुणा असतात. उभ्या शब्दात अक्षरे खालून वर जातात, म्हणून तिथे ‘अप’, ‘रायझिंग’, ‘क्लाइम्बिंग’. आडव्या क्लूत ‘अप’ दिसले तर ती बहुतेक उलटण्याची खूण नाही.

‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्रात १९७२ मध्ये कोडी रचायला लागलेल्या ‘अॅझेड’चे नावच असे उलटलेले आहे. त्यांच्या आधीचे दोन रचनाकार ‘टॉर्कमाडा’ आणि ‘झिमेनीस’. दोन्ही नावे स्पेनमधल्या धर्मचौकशी करणाऱ्या न्यायाधीशांची. असाच आणखी एक न्यायाधीश देझा. त्याची चार रोमन अक्षरे उलटी वाचली की अॅझेड. छळाचे खाते कोणाकडे आहे हे या मंडळींनी कधी लपवले नाही.

*दडवणे.* समोरच कोरड्यात दडलेला पक्षी (३). उत्तर तुमच्या डोळ्यांपुढे छापलेले आहे: समोरच कोरड्यात. चकोर. इंग्रजी खुणा: सम, पार्टली, इनसाइड, बिट ऑफ. दोन शब्दांमधली मोकळी जागा दिसतच नाही असे समजून वाचायची सवय लावा. हा सर्वांत सोपा प्रकार, आणि म्हणूनच सर्वांत जास्त निसटणारा.

*पोटात घेणे.* पुरुषात अहंकार शिरला की शहर (३). पुरुष म्हणजे नर. अहंकार म्हणजे ‘ग’, कारण गची बाधा सगळ्यांना माहीत आहे. नरात ग शिरला: न-ग-र. इथे एक पायरी वाढली. कच्चा माल थेट दिलेला नाही, आधी समानार्थी शब्द शोधायचा आणि मग कृती करायची. इंग्रजी खुणा: इन, होल्डिंग, अराउंड, स्वॅलोइंग. कोण कोणाच्या पोटात हे नीट वाचा. ‘होल्डिंग’ आणि ‘हेल्ड बाय’ यांत सगळे उलटते.

*जोडणे.* दिवसामागून हत्ती, पंढरीचा वाटसरू (४). वार, त्यामागे करी: वारकरी. इंग्रजीत हा प्रकार सगळ्यांत जास्त, आणि याला अनेकदा खूणच नसते. ‘व्हेइकल विथ फेव्हरिट फ्लोअर कव्हरिंग (६)’: कार आणि पेट, मिळून कार्पेट.

*कापणे.* विमानाचे नाक तुटले, राहिली प्रतिष्ठा (२). ‘वि’ गेला, मान राहिली. इंग्रजीत ‘हेडलेस’ म्हणजे पहिले अक्षर उडवा, ‘एंडलेस’ म्हणजे शेवटचे, ‘हार्टलेस’ म्हणजे मधले.

*आद्याक्षरे.* पहाटे, वनात, नदीकाठी आधी येतो वारा (३). प, व, न. इंग्रजीत ‘इनिशियली’, ‘लीडर्स’, ‘स्टार्टर्स’ दिसले की लगेच पहिली अक्षरे वाचा.

*दोन व्याख्या.* सरकारला द्यावा लागणारा हात (२). कोणीतरी लगेच ‘लाच’ म्हणेल. व्यवहार बरोबर, उत्तर चूक. लाच द्यावी लागते. क्लूत ‘द्यावा लागणारा’ आहे. शिवाय लाच म्हणजे हात नव्हे. कर मात्र दोन्हीकडे बसतो. क्लू दोनतीन शब्दांचाच असेल तर आधी हाच प्रकार तपासा.

*कानाचा खेळ.* मराठीत याला फार वाव नाही, कारण आपण बरेचसे उच्चारतो तसेच लिहितो. ‘दीन ऐकला तर दिवस’ म्हणून ‘दिन’, एवढ्यावर गाडी थांबते. इंग्रजीत मात्र हे कुरण मोठे आहे. खुणा: वी हिअर, रिपोर्टेडली, ऑन द रेडिओ. इथे भारतीय सोडवणाऱ्याला एक खास खड्डा आहे. हे उच्चार दक्षिण इंग्लंडचे धरलेले असतात आणि तिथे व्यंजनाआधीचा ‘र’ गिळतात. त्यामुळे त्यांच्या कानाला ‘कोर्ट’ आणि ‘कॉट’, म्हणजे पकडले या अर्थाचा, एकच. ‘सोर्स’ आणि ‘सॉस’ही एकच. आपण ‘र’ ठणठणीत म्हणतो, म्हणून जोडी कानाला लागत नाही. अडलात तर ‘र’ गाळून म्हणून बघा.

याशिवाय एक प्रकार असतो ज्यात शब्दखेळ नसतो, नुसती वाकडी व्याख्या असते आणि बहुधा शेवटी प्रश्नचिन्ह. आपल्याकडचे हुमान तेच. पोटात पाणी आणि डोक्याला शेंडी म्हटले की आपण नारळ म्हणतोच.

३. नेहमीचे सामान पाठ करा

इंग्रजी कोड्यात लहान तुकड्यांसाठी ठरलेले शब्द वर्षानुवर्षे तेच येतात. ते बुद्धीने सुचत नाहीत, पाठच करावे लागतात. आधी एवढे करा:

- सेलर: टार, जॅक, ए-बी
- डॉक्टर: डी-आर, एम-ओ, जी-पी. हाच शब्द क्रियापद धरला तर विस्कटण्याची खूण.
- आर्टिस्ट: आर-ए
- इंजिनिअर्स: आर-ई
- नेव्ही: आर-एन
- वर्कर: मुंगी किंवा मधमाशी, म्हणजे ‘अँट’ किंवा ‘बी’
- एलियन: ई-टी
- पन्नास, शंभर, पाचशे, हजार: एल, सी, डी, एम
- फ्लॉवर आणि बँकर: नदी

शेवटची जोडी नवख्याला चिडवते. ‘फ्लो’ म्हणजे वाहणे, तर जी ‘फ्लो’ होते ती ‘फ्लॉवर’. जिला ‘बँक’ म्हणजे काठ आहे ती ‘बँकर’. ‘इटालियन फ्लॉवर अँड एलियन मेक अ रायटर (४)’ यात इटलीतली नदी पो, पुढे ई-टी: पोएट. अशा नद्या दहाबारा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ. डी, एक्स आणि उझ या ब्रिटिश नद्या वारंवार येतात.

क्रिकेटने मात्र आपल्याला फुकट शिदोरी दिली आहे. मेडन म्हणजे एम, डक म्हणजे ओ, रन्स म्हणजे आर, वाइड म्हणजे डब्ल्यू. ‘लेग’ म्हणजे ओ-एन, कारण लेग साइडच ऑन साइड. हे अमेरिकन माणसाला समजावून सांगावे लागते, आपल्याला नाही.

४. जाळी कोणत्या क्रमाने भरायची

एक आडवा, दोन आडवा असे ओळीने जाऊ नका. पहिल्या फेरीत सगळे क्लू भराभर वाचा आणि फक्त तीनच गोष्टी शोधा: विस्कटलेले, दडलेले, आद्याक्षरांचे. यांचा माल क्लूतच असतो. दुसऱ्या फेरीत मिळालेल्या उत्तरांना छेदणारे शब्द घ्या. त्यातही ज्यांचे पहिले अक्षर मिळाले आहे ते आधी, कारण पहिल्या अक्षरावरून शब्द जितका पटकन आठवतो तितका चौथ्यावरून आठवत नाही. ब्रिटिश पद्धतीच्या जाळीत शब्दाची साधारण एकाआड एक अक्षरेच दुसऱ्या शब्दात छेदतात. उरलेली निम्मी अक्षरे फक्त त्या क्लूमधूनच मिळतात. म्हणून आजूबाजूचे शब्द भरले की मधला आपोआप उमटेल ही साध्या कोड्याची आशा इथे चालत नाही.

व्याख्येचे व्याकरण उत्तराला लागू पडते. व्याख्या भूतकाळी क्रियापद असेल तर उत्तरही भूतकाळी, व्याख्या अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी. फक्त अनेकवचन दिसले म्हणून शेवटच्या घरात डोळे मिटून ‘एस’ ठोकू नका. उंदीर आणि दात इंग्रजीत ‘एस’ न लावताच अनेक होतात.

अर्ध्या तासात पुढे सरकला नाहीत तर ठेवून द्या. तासाभराने तोच क्लू दुसऱ्या जागी तुटतो. संकेतस्थळावर ‘चेक’चे बटण वापरायला लाजू नका. ‘रिव्हील’ मात्र एका वेळी एकाच शब्दासाठी, आणि उत्तर दिसल्यावर ते का, हे शोधून काढायच्या अटीवर.

५. नवखे कुठे अडकतात

विरामचिन्हांवर विश्वास ठेवणे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम वाक्य सजवायला असतात. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह मात्र थोडा इशारा देतात.

कॅपिटल अक्षराला फसणे. ‘नाइस’ वाक्याच्या सुरुवातीला असेल तर ते छान असेल किंवा फ्रान्समधले नीस शहर. ‘पॉलिश’ म्हणजे चकाकी किंवा पोलंडचा. संकेत असा की साध्या शब्दाला उगाच कॅपिटल देता येते, विशेषनामाचे कॅपिटल काढून घेता येत नाही.

समानार्थी शब्द विस्कटायला घेणे. विस्कटायची अक्षरे क्लूत जशीच्या तशी असतात. क्लूत ‘कलम’ऐवजी ‘लेखणी’ असते, तर लेखणीवरून कलम आणि कलमावरून कमल अशी दुहेरी उडी मारायला लावणे हा रचणाऱ्याचा अन्याय ठरला असता.

आणि सगळ्यांत मोठा सापळा: उत्तर बसले म्हणून पुढे जाणे. अक्षरे जुळली, व्याख्या जुळली, पण क्लूतले दोन शब्द बेकार राहिले, तर उत्तर संशयास्पद धरा. झिमेनीसची शिस्त अॅझेडने तीन कलमांत मांडली: नेमकी व्याख्या, न्याय्य शब्दखेळ, आणि याव्यतिरिक्त काही नाही. तिसरे कलम सोडवणाऱ्याच्या सर्वांत उपयोगाचे. प्रत्येक शब्दाला काम हवे.

६. उकल लिहून काढा

दुसऱ्याला समजावता आले तरच क्लू सुटला. शिकण्याचा वेगही इथेच वाढतो, म्हणून सुरुवातीला रोज निदान पाच क्लूंची उकल वहीत लिहा. एक सुटसुटीत चिन्हपद्धत ठरवा:

- व्याख्येखाली रेघ
- विस्कटलेले: (कलम)*
- उलटलेले: (रवा)<
- पोटात घेतलेले: न(ग)र
- कापलेले: [वि]मान
- जोडलेले: वार + करी
- दडलेले: समोर[च कोर]ड्यात

मग शब्दात एक ओळ: खूण कोणती, सांधा कोणता. ‘नराला शहर म्हणतात, मध्ये ग आहे’ अशी अर्धवट उकल लिहू नका. कोणता शब्द कशासाठी आला हे सांगा: पुरुष म्हणजे नर, अहंकार म्हणजे ग, ‘शिरला’ ही पोटात घेण्याची खूण, ‘की’ सांधा, शहर ही व्याख्या. एखादा तुकडा उलगडत नसेल तर तसे लिहा. ओढूनताणून बसवलेले स्पष्टीकरण ऐकणाऱ्याच्या डोक्यात चुकीचा नियम बनून राहते.

शेजारी बसलेल्याला मदत करताना उत्तर शेवटी सांगा. आधी फक्त व्याख्या कोणत्या टोकाला आहे ते दाखवा. अडला तर प्रकार सांगा. तरी अडला तर एक तुकडा द्या. बहुतेक जण दुसऱ्या पायरीवरच ‘थांब, थांब’ म्हणतात.

७. आता हे चार

१. ताल उलटा धरला की वेल (२)
२. आकाश हरवले, पोटात राहिली मोठी वस्ती (३)
३. पुस्तकातले जेवणानंतर खातात (२)
४. डोक्यावर पाणी वाहणारी, शिकारी पक्ष्याच्या पोटात अहंकार घेऊन (३)

उकल:

१. लता. (ताल)<, ‘उलटा धरला’ खूण, ‘की’ सांधा, वेल व्याख्या.
२. शहर. आका[श हर]वले, ‘पोटात’ खूण, ‘राहिली’ सांधा, मोठी वस्ती व्याख्या.
३. पान. दोन व्याख्या: ‘पुस्तकातले’ आणि ‘जेवणानंतर खातात’.
४. घागर. घा(ग)र, शिकारी पक्षी म्हणजे घार, अहंकार म्हणजे पुन्हा ग, ‘पोटात घेऊन’ खूण. व्याख्या या वेळी सुरुवातीला होती.